टपालवाल्याचं कुणीच विचारलं नाही

१२ ऑगस्ट

बाईंना सादर नमस्कार.

तुमचा पत्ता शाळेच्या कार्यालयातून मिळवला. तिथल्या बाईंनी तीनदा विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, शंका आहे. त्या म्हणाल्या, "मग नवीन सरांना विचार."

नवीन सरांना विचारून उपयोग नसतो, बाई. ते येतात, फळा पुसतात आणि टिपणं सांगायला लागतात. वर्गाने त्यांचं नाव टिपणसर ठेवलंय. तुम्ही वडिलांच्या आजारपणासाठी रजेवर गेलात तेव्हा आपली कादंबरी अकराव्या प्रकरणापर्यंत आली होती. उरलेली चार प्रकरणं त्यांनी दोन तासांत उरकली. सुनेचा स्वभाव : प्रेमळ, त्यागी, समंजस. पाच गुणांचा प्रश्न, पाच मुद्दे, विषय संपला.

माझी शंका बाराव्या प्रकरणाची आहे. धाकटा मुलगा बोटीवर कामाला असतो, बोट बुडते, तो जातो. दुसऱ्यांना वाचवताना गेला, एवढ्या एका समाधानावर सासू अंथरुणात दिवस काढत असते. मग त्याच्या मित्राचं पत्र येतं : त्याने कुणाला वाचवलं नाही, उलट लहान पोरांना बाजूला ढकलून होडीत चढायला गेला आणि त्यातच बुडाला. पत्र सुनेच्या हातात पडतं. ती ते चुलीत घालते आणि घरात सांगते, पत्रबित्र काही आलंच नाही.

तिने बरोबर केलं का? मला टिपण नकोय. तुमचं मत हवंय. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक असेल आणि ती बोलली तर एका माणसाचं आयुष्य उधळणार असेल, तर गप्प राहणं हे खोटं बोलणंच असतं का?

बाकी ठीक. गेल्या आठवड्यात मधली सुट्टी संपल्या संपल्या प्रयोगशाळेत आग लागली होती. दोन टेबलं, पडदे आणि एक कपाट जळलं. मुलांपैकी कुणाला लागलं नाही. लॅबकाकांनी आग विझवली, त्यांचे हात भाजले. चौकशी चालू आहे. माझ्या शेजारी बसणारी चिमणी तुम्हाला नमस्कार सांगते.

तुमची विद्यार्थिनी


२० ऑगस्ट

चि. शंकासुरास आशीर्वाद.

हे नाव तुला वर्गात आवडायचं नाही, पण पत्रात चालवून घे. तुझं पत्र आलं आणि दोन महिन्यांनी कुणीतरी मला औषधाच्या वेळेखेरीज दुसरं काही विचारलं. आमच्या वडिलांची उजवी बाजू अजून तशीच लुळी आहे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता घोटभर पाणी सांडल्याशिवाय पीत नाही. मी पुसायला गेले की चिडतात. मी वळले की स्वतः पुसायला जातात आणि आणखी सांडतात.

तुझ्या प्रश्नाकडे येते. सुनेने बरोबर केलं, असं माझं मत आहे आणि एकोणीस वर्षं मी ते वर्गात सांगत आलेय. तिनं पत्र जाळलं, म्हणजे खरं जाळलं नाही, दुःख जाळलं. लहान मूल पाहील ते बोलून मोकळं होतं. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट पोटात ठेवायची ताकद येते, तेव्हा माणूस मोठा होतो. त्या बाईला रोज सासूचे पाय चेपताना ते ओझं वागवावं लागलं असेल. तिची शिक्षा तिनेच भोगली, दुसऱ्या कुणाला भोगायला लावली नाही. निबंधात लिहायचं असेल तर खुशाल लिही, माझं नाव नको घालूस.

लॅबकाकांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुला सांगायला नको खरं तर, पण त्यांचं मलाही पत्र आलंय. निलंबित केलंय, वर्तणुकीबद्दल चार ओळी लिहून द्या म्हणतात. पण प्रयोगशाळेला कुलूप लावायला आपण विसरलो, कुणीतरी आत जाऊन खोडसाळपणा केला असावा, असं त्यांनी स्वतःच चौकशीत लिहून दिलंय. मग मी काय लिहायचं? माणूस सोन्यासारखा, पण वय झालं की लक्ष राहत नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

चिमणीला सांग, अक्षर मोठं काढ. तिच्या उत्तरपत्रिका तपासून माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

तुझ्या बाई


२ सप्टेंबर

बाईंना सादर नमस्कार.

तुमच्या पत्राचा फार आधार वाटला. मी ते चार-पाचदा वाचलं. आंतरशालेय निबंध स्पर्धेत याच कादंबरीवर विषय होता. "खरं जाळलं नाही, दुःख जाळलं" हे वाक्य मी शेवटी घातलं. पहिला नंबर आला. मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर निबंध सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवला आणि म्हणाल्या, या वयात अशी समज दुर्मीळ असते.

प्रयोगशाळेत तात्पुरता नवीन माणूस आलाय. तो परीक्षानळ्या मोजून देतो आणि मोजून घेतो. लॅबकाकांना उत्तर पाठवलंत का?

तुमची विद्यार्थिनी


१४ ऑक्टोबर

बाई,

आज नमस्कारानेही सुरुवात करवत नाही.

मागच्या रविवारी मला लॅबकाका बस थांब्यावर दिसले. दोन्ही तळव्यांना अजून पट्ट्या आहेत, म्हणून पिशवी मनगटात अडकवली होती. मी पाठ फिरवली, पण त्यांनी पाहिलं होतं. हाक मारून विचारलं, "काय ग, जर्नल पूर्ण झालं का?" बस एवढंच. मी हो म्हटलं आणि भलत्याच बसमध्ये चढले.

घरी येऊन ती कादंबरी पुन्हा पहिल्यापासून काढली. तुमचं पत्र शेजारी ठेवून वाचली. तेराव्या प्रकरणात, सासू गेल्यानंतर, एक ओळ आहे. थोरल्या मुलाला बाहेरून कळतं की मित्राने पत्र पाठवलं होतं. मग : 'त्याने टपाल कचेरीत तक्रार केली, आणि पुढच्या महिन्यात गावाला नवा टपालवाला आला.' इतकंच. त्यापुढे लगेच शेतातल्या उन्हाचं वर्णन.

बाई, पत्र तर पोचलं होतं. त्या टपालवाल्याने ते सुनेच्या हातात दिलं होतं. आपण वर्गात सून, सासू, थोरला, मेलेला धाकटा, सगळ्यांबद्दल बोललो. टपालवाल्याचं कुणीच विचारलं नाही. टिपणसरांच्या मुद्द्यांतही तो नाही आणि माझ्या पहिल्या नंबरच्या निबंधातही नाही.

आता खरं लिहिते. कुलूप लावायला लॅबकाका विसरले नव्हते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे किल्ली मागितली. चिमणीच्या जर्नलमधला एक प्रयोग पुन्हा करायचा राहिला होता, दुसऱ्या दिवशी तपासणी होती. ते जेवायला बसले होते. म्हणाले, "दहा मिनिटांत परत आण, आणि स्पिरिटचा दिवा विझवून ये." आम्ही दोघी गेलो. घंटा झाली तेव्हा चिमणी म्हणाली, तू पुढे हो, मी विझवते. मी किल्ली काकांच्या टेबलावर ठेवून वर्गाकडे पळाले. चिमणीही मागोमाग आली. दिवा तिने विझवला नव्हता. ती आत होती म्हणून दार मी नुसतं ओढलं होतं, कुलूप लावलं नव्हतं.

चौकशीत त्यांनी आमचं नाव घेतलं नाही. आणि आम्ही बोललो नाही. चिमणीचे वडील कसे आहेत, तुम्हाला माहीत आहे. तिच्या ताईला नववीतून काढलं, तेव्हाच हिला सांगून ठेवलंय की शाळेतून एक तक्रार आली तर तुझंही दप्तर माळ्यावर. म्हणून मी तुम्हाला सुनेचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तिने दुसऱ्या कुणाला शिक्षा भोगायला लावली नाही. मी ते धरून बसले.

आता काय करू?


२२ ऑक्टोबर

चि. शंकासुरास,

तुझं पत्र वाचून मी पुस्तक काढलं. ती ओळ आहे. माझ्या प्रतीत तिच्या वरच्या आणि खालच्या वाक्याखाली लाल रेघ आहे. मधली ती ओळ तेवढी कोरी. एकोणीस वर्षं.

तू पुस्तकाबद्दल विचारत नव्हतीस, हे मला कळायला हवं होतं. 'एका माणसाचं आयुष्य उधळणार असेल तर' असं कुणी कादंबरीबद्दल विचारत नाही. मला वाटलं, पोरगी हुशार आहे, विचार करतेय. मी माझ्याच वाक्याच्या प्रेमात होते.

आणखी एक कबुली. लॅबकाकांना मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. त्यांचं पत्र औषधांच्या डब्याखाली आहे. 'चूक माझी आहे, पण तीस वर्षं माझ्या हातून काही झालं नाही, एवढं तुम्ही लिहावं.' मी ते तीनदा वाचलं आणि दर वेळी वाटलं, चूक कबूल केलेल्या माणसासाठी काय लिहायचं? त्याने ती कुणासाठी कबूल केली असेल, हे मनातही आलं नाही.

आता नीट ऐक. घाई करू नकोस. मार्चमध्ये तुमची परीक्षा आहे. तोवर चिमणीचं वर्ष वाचू दे. मी मोठ्या बाईंना लिहिते, कुणाचंही नाव न घेता, की चौकशी पुन्हा व्हावी. अशा गोष्टी मोठ्या माणसांनी निस्तरायच्या असतात. तू अभ्यासाला लाग. मनाला लावून घेऊ नकोस, तुझं वय तरी काय.

तुझ्या बाई


३ नोव्हेंबर

बाईंना सादर नमस्कार.

तुम्ही थांब म्हणालात. मी थांबले नाही. रागावू नका. तुमचं पत्र वाचून मला एकदम हलकं वाटलं, आणि म्हणूनच भीती वाटली. ऑगस्टमधल्या पत्रानेही मला असंच हलकं वाटलं होतं.

आधी चिमणीशी बोलले. जिन्याखाली, जुने बाक ठेवतात तिथे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं काय जातंय? तुझे बाबा ओरडतील आणि मग जेवायला वाढतील. आमच्याकडे तसं नाही." ते खरं आहे. मी म्हटलं, तुझं नाव घेणार नाही. ती म्हणाली, "घेऊ नकोस. आणि माझ्याशी बोलूही नकोस."

मग लॅबकाकांकडे गेले. दोन खोल्या आहेत. काकू शिवणयंत्रावर होत्या, मला पाहून त्यांनी यंत्र थांबवलं आणि आत गेल्या. बहुतेक त्यांना ठाऊक आहे. मी काकांना विचारलं, तुम्ही खोटं का लिहून दिलंत? ते म्हणाले, "किल्ली माझी. मी तुला दिली. पुढचं सगळं माझ्याच अंगावर यायचं. त्यात खोटं काय?" मी म्हटलं, मी मोठ्या बाईंना सांगणार आहे. तर म्हणाले, "हे बघ पोरी, दोन वर्षांनी मी तसाही घरीच बसणार होतो. तुम्हा दोघींना अजून चालायला सुरुवात करायचीय. गप्प बस, जर्नल लिही." हात दाखवा म्हटलं, तर त्यांनी ते पाठीमागे घेतले.

सोमवारी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. किल्ली मी मागितली, कुलूप माझ्याकडून राहिलं, दिवा आत जळत राहिला, सगळं सांगितलं. बरोबर कोण होतं, ते सांगणार नाही म्हटलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ते विसरले नव्हते. विद्यार्थिनीला जाणूनबुजून किल्ली दिली आणि वर समितीला खोटं लिहून दिलं."

बाई, विसरणं ही कमी चूक होती. किल्ली देणं ही मोठी आहे. विसरल्याबद्दल ताकीद देऊन परत घेणार होते म्हणे. आता पंधरा तारखेला समिती बसणार आहे आणि त्यांना कायमचं काढतील, असं कार्यालयात बोलतात. मी खरं सांगितलं आणि त्यांचं होतं नव्हतं तेही घालवलं.

मोठ्या बाईंनी बरोबर कोण होतं ते पुन्हा विचारलं नाही. त्याची गरजच नव्हती. आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर बसतो. मी नाव घेतलं नाही याचं मला फार कौतुक वाटत होतं.

पुस्तकात सून गप्प राहिली म्हणून टपालवाला गेला. इथे मी बोलले म्हणून. मग फरक काय राहिला?

तुमची विद्यार्थिनी


८ नोव्हेंबर

चि. शंकासुरास आशीर्वाद.

फरक आहे, पण तो तुला समजेल अशा शब्दांत सांगायला गेले तर पुन्हा एखादं छान वाक्य तयार होईल. ते मला टाळायचंय. त्यापेक्षा मी काय करणार आहे ते लिहिते.

किल्ली देणं हा गुन्हा असेल, तर तो त्या शाळेत रोज घडतो. नकाशे आणायला, बाकाखाली राहिलेला डबा आणायला, मोकळ्या तासाला मुलींना कुठेतरी बसवायला मी स्वतः किती वेळा मुलांना लॅबकाकांकडे किल्लीसाठी पाठवलंय, याचा हिशेब नाही. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही, कारण आम्ही शिक्षक होतो आणि ते नव्हते. सगळेच असं करायचे. हे समितीला कुणीच सांगितलं नसणार, कारण सांगितलं की सांगणारा अडकतो.

मी ते लिहून सही करून पाठवलंय. पण कागद फाइलमध्ये जातो आणि तिथेच म्हातारा होतो, म्हणून स्वतः येतेय. माझी रजा संपत आलीय आणि ती वाढवणं मोठ्या बाईंच्या हातात आहे, तेव्हा या येण्याने माझं काय होईल ते दिसेलच. चौदाला संध्याकाळी पोचते.

वडिलांना शेजारच्या वहिनी बघतील. तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवली, विचारलं, जाऊ का? आजारपणापासून त्यांना 'जा' हा एकच शब्द स्पष्ट म्हणता येतो. एरवी त्याचा अर्थ 'खोलीतून चालती हो' असा असतो. काल वेगळा होता, असं मी धरून चाललेय.

मागच्या पत्रात मी तुला थांब म्हटलं. चिमणीसाठी म्हटलं, असं मला तेव्हा वाटलं. खरं तर मला वेळ हवा होता. तुझ्या वयाचं कारण सांगून मी माझी सुटका करून घेत होते.

तुझ्या बाई


२० जानेवारी

बाईंना सादर नमस्कार.

तुम्ही परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. वडील कसे आहेत? शाळेने रजा वाढवली नाही, हे कार्यालयातून कळलं. तुमच्या जागी टिपणसर कायम झाले. त्यांनी त्या दिवशी वर्गात मिठाई वाटली. मी घेतली नाही, मग वाईट वाटलं, कारण त्यांची त्यात काही चूक नाही.

तुम्ही समितीपुढे बोललात, तेव्हा मी दाराबाहेर बाकावर होते. आतलं अर्धंच ऐकू येत होतं. "मीही पाठवलंय मुलांना," असं भूगोलाचे सर म्हणाले, मग गणिताच्या बाई, मग खुर्च्यांचा आवाज. मग चिमणीला आत बोलावलं. ती माझ्यासमोरून गेली. तिने सगळं कबूल केलं, हे तुम्हीच मला बाहेर येऊन सांगितलंत. त्यांनी विचारलं आणि तिने फक्त मान हलवली, असं.

लॅबकाका पहिल्या तारखेपासून परत आले. ताकीद दिलीय. किल्ली आता कार्यालयात असते, त्यांनाही सही करून घ्यावी लागते. हातांची कातडी चकाकते, मुठी पूर्ण वळत नाहीत, त्यामुळे बारीक नळ्या आम्ही धुतो. पहिल्या दिवशी मी धुवायला उभी राहिले, तेव्हा ते म्हणाले, "गप्प बस म्हटलं होतं. ऐकलं नाहीस." मी म्हटलं, नाही ऐकलं. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला.

चिमणीचं मात्र झालं ते झालंच. तुम्ही तिच्या घरी जाऊन बसलात, तिच्या वडिलांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. त्यानंतर ती शाळेत आली नाही. परीक्षेचा अर्ज आधीच गेलाय, म्हणून तिला परीक्षेला बसता येईल, असं मोठ्या बाई म्हणतात. त्या दिवशी तिला घराबाहेर सोडतील का, ते कुणाला ठाऊक नाही. तिची आई म्हणते, बघू.

मला तुम्हाला विचारायचं होतं की असं होणार हे माहीत असतं तर तुम्ही आला असता का. मग ते विचारणं सोडून दिलं. मला ते माहीत होतं. चिमणीने जिन्याखाली मला सांगितलं होतं.

मी रोज शाळेतून येताना तिच्या घरावरून जाते आणि त्या दिवशीच्या वह्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या आईच्या हातात देते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या असतात. तीन आठवडे हेच चाललंय. आतून तिच्या खोकल्याचा आवाज येतो. ती खिडकीशी येत नाही, मीही हाक मारत नाही. वही उघडूनही कळायचं नाही, तिने वाचली की नुसती ठेवून दिली.

काल रसायनशास्त्राची वही परत आली. एका समीकरणाच्या बाजूला समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढवणाऱ्या त्याच बारीक अक्षरात : 'ऑक्सिजन दोनदा मोजलास. असं लिहिलंस तर नापास होशील.'

खरंच दोनदा मोजला होता. मी समीकरण दुरुस्त केलं. आज मुद्दाम एखादी चूक करून वही पाठवावी, असं मनात आलं होतं. मग नाही केली. न ठरवता होतात तेवढ्या पुष्कळ आहेत.

तुमची विद्यार्थिनी